एमटीबी (डोंगरी सायकल) ट्यूबलेस करून घ्यावी का? सातारा भाग, काटे + दगड दोन्ही

यवतेश्वर_चढ

नमस्कार मंडळी. २९ इंची हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन) आहे माझ्याकडे, टायर २.२५ चे, घेतल्यापासून ट्यूबवरच चालवतोय. माझं वजन ७८ किलो.

राइड दोन टाइपच्या होतात. एक म्हणजे यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्यानं बामणोलीकडं, मधे कुठं मातीची वाट दिसली की आत घुसायचं (पठारावर नाही घालत सायकल, आधीच सांगतो, उगाच कोणी चिडू नका). आणि दुसरी गावाकडची, खटाव-माणच्या पट्ट्यात, म्हणजे पाणंद रस्ते, कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता, माळरान, आणि तिथं काय असतं ते तुम्हाला माहितीये, बाभळीच्या कुपाट्या तोडून वाटेत टाकलेल्या असतात आणि पावसाळा सरला की सराटेच सराटे.

तर गावाकडं पंक्चर आणि घाटातून उतरताना पण पंक्चर. घाटातला वेगळा असतो, दगडावर आपटलं की ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा. म्हणून मी ४० पीएसआय हवा ठेवतो, मग आपटून फुटत नाही पण सायकल दगडावरून नुसती उड्या मारत जाते, हात भरून येतात.

दुकानदार म्हणतोय ट्यूबलेस कर, सगळं मिटेल. मित्र म्हणतोय नको, रोजचं लचांड आहे, सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये घालतात तो द्रव) वाळतं, घरी हवा भरता येत नाही, रस्त्यात फाटलं तर हात पाय चिकट करत बसायचं. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतील पण मला माझ्या वापराला काय बरं ते कळेना. घरी साधा उभा पंप आहे, कंप्रेसर नाही. चालवणाऱ्यांनी सांगा.

कातळ_आणि_काटे

दादा तुम्ही जे लिहिलंय ना, दोन शेजारी चिरा, त्याला पिंच फ्लॅट म्हणतात, सापाच्या दाताच्या खुणांसारखं दिसतं म्हणून स्नेकबाइट पण म्हणतात. दगडावर आपटलं की टायर दबून रिमच्या कडेला टेकतो आणि मधे सापडलेली ट्यूब दोन्हीकडून कापली जाते. ट्यूबच नसेल तर चिमटीत सापडायला काही नाही, एवढं साधं आहे ते. म्हणजे घाटातला तुमचा प्रॉब्लेम जवळजवळ जातोच (टायर स्वतः कापला जाऊ शकतो, त्याचं पुढं सांगतो).

पण माझ्या मते ट्यूबलेसचा खरा फायदा पंक्चर नाहीच, हवा कमी ठेवता येते हा आहे. तुमच्या वजनाला, २.२५ टायरला पुढं २२-२३ आणि मागं २५-२६ पासून सुरुवात करा. आता ४० वर चालवताय आणि तिथून एकदम २५ वर याल तर पहिल्या राइडला वाटेल सायकल बदलली का काय. टायर दगडाला धरून राहतो, ओल्या कातळावर पावसाळ्यात तर फरक विचारू नका. लोक म्हणतात कमी हवेनं सायकल जड चालते, ते डांबरावर बऱ्यापैकी खरं आहे, खडबडीत वाटेवर उलटं असतं, टायर दगड गिळत जातो त्यामुळे प्रत्येक दगडावर तुम्ही आणि सायकल वर उचलले जात नाही, ताकद वाचते.

वजनाचं कौतुक मात्र मला पटत नाही. २९ ची साधी ब्युटाइल (काळ्या रबराची) ट्यूब साधारण २०० ग्रॅम, ती काढली आणि १०० मिली सीलंट टाकलं ते झालं साधारण १०० ग्रॅम, वर वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) आणि टेप. म्हणजे चाकामागं ऐंशी-नव्वद ग्रॅम वाचले. आदल्या रात्रीची बिर्याणी त्याहून जास्त भरते.

काट्याचं म्हणाल तर सराटा, बोरीचा काटा, बाभळीचा साधा काटा, तीन-चार मिमीपर्यंतचं भोक सीलंट आपोआप बुजवतं. हवा बाहेर पडताना सीलंटला ढकलत नेते, त्यातले कण भोकात अडकतात आणि लॅटेक्स (रबराचा चीक) तिथं गोठतं. बरेचदा कळत पण नाही, घरी आल्यावर टायरवर ओला ठिपका दिसतो तेवढाच. काय बुजत नाही तर टायरच्या कुशीत (साइडवॉल) गेलेली चीर. आपला सह्याद्रीचा दगड धारदार फुटतो, पातळ कुशीचा रेसिंग टायर लावून त्यावर ट्यूबलेस केलं तर सीलंट कारंज्यासारखं उडतं नि संपतं. म्हणून टायर घेताना कुशीला जादा थर असलेला घ्या, मॅक्सिसमध्ये एक्झो म्हणतात, श्वाल्बेमध्ये स्नेकस्किन होतं. शंभर-दीडशे ग्रॅम जड जाईल, जाऊ द्या.

ट्यूबवालाच_बरा

घ्या, सुरू झाले ट्यूबलेसचे भक्त 😀

यवतेश्वर भाऊ, एक प्रश्न स्वतःला विचारा, आठवड्यात किती वेळा चालवता? रोज किंवा दिवसाआड चालवणाऱ्याला ट्यूबलेस छान. सायकल पंधरा पंधरा दिवस बाल्कनीत उभी राहत असेल तर दर वेळी काढाल तेव्हा हवा बसलेली, सीलंट खाली एका जागी साचून घट्ट झालेलं, आणि एकदा का टायर पूर्ण बसून बीड (टायरची आतली कड) रिमवरून सुटला की साध्या पंपानं परत बसवताना घाम निघतो. ट्यूब असेल तर हवा भरली, निघालो.

खर्चाचं पण कोणी बोलत नाही. टेप, दोन वॉल, सीलंट, आणि टायर ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय चालायला बनवलेले) नसतील तर नवे टायर, रिम नसेल तर नवी चाकं. आणि सीलंट काय एकदाच घ्यायचं नाहीये, दर दोन-तीन महिन्यांनी परत. एका छोट्या बाटलीच्या पैशात दोन-तीन ट्यूबा येतात.

मी काय करतो ते सांगतो. ट्यूबमध्येच सीलंट घालतो. प्रेस्टा (बारीक, लांब) वॉलच्या ज्या ट्यूबची आतली पिन निघते तीच घ्यायची, पिन काढून ५०-६० मिली आत सोडायचं, पिन लावायची, संपलं. सराटे आणि बाभळीला पुरून उरतं. पिंच फ्लॅटला उपयोग नाही हे मान्य, पण दोन-सव्वादोन इंच टायरला ३२-३४ ठेवा आणि दगड दिसला की ढुंगण उचला की राव, सीटवर बसून दगडावर सायकल घातली तर कुठलीही सिस्टीम फुटणारच.

आणि हो, रात्री बामणोली रोडला टायरची कूस फाटली की हे सगळे ट्यूबलेसवाले शेवटी बॅगेतनं काय काढतात? ट्यूब!

सराटा_सोलापूर

वरचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे जी फार जण सांगत नाहीत. ट्यूबलेस टायर आमच्याकडं दोन महिने चालला की आतून बघा एकदा. सीलंटनं गुपचूप बुजवलेले काटे तसेच टायरमध्ये रुतलेले असतात, टोकं आत आलेली. तुम्हाला पत्ताच नसतो कारण हवा गेलेलीच नसते. आता कूस फाटली म्हणून रस्त्यात ट्यूब घातली, हवा भरली, की पन्नास पावलांवर परत फुस्स, कारण ते सगळे काटे ट्यूबची वाटच बघत बसलेले. म्हणून ट्यूब घालायच्या आधी टायर आतून बोटांनी हळूहळू चाचपायचा (बोट सांभाळून, रुमाल गुंडाळून), पक्कडीनं एकेक काटा उपटायचा, मगच ट्यूब. बॅगेत छोटी पक्कड ठेवाच.

बाकी सोलापूर-मंगळवेढा-सांगोला भागात मी ट्यूब हा विषयच सोडून दिलाय. सुगी झाली की वाटा सराट्यानं भरलेल्या असतात, चाकाला काटा लागला का विचारायचं नसतं, किती लागले ते विचारायचं. माण-खटाव पण तसाच पट्टा आहे, गावाकडच्या राइडसाठी तरी तुम्ही बिनधास्त करून घ्या.

फक्त वाळलेल्या बाभळीचा जो लांब जाड काटा असतो, दोन-अडीच इंची, तो सरळ घुसला आणि तुम्ही लगेच ओढून काढला तर भोक मोठं राहतं. तो काढायची घाई करू नका. हवा टिकतीये तोवर तसंच घरी या, नाहीतर प्लगची पट्टी हातात तयार ठेवा, काटा काढा, लगेच पट्टी खुपसा.

ट्यूबवालाच_बरा

पट्टी म्हणजे कारच्या ट्यूबलेसला पंक्चरवाले दोरी घालतात तीच ना? मग ती तर कुठल्याही चौकात मिळते.

सराटा_सोलापूर

नाय नाय, तीच चूक करतात लोक. ती दोरी कार नि स्कूटरच्या जाड टायरसाठी असते आणि घालायच्या आधी ते कानशीसारखा टोचा घालून भोक घासून मोठं करतात. सायकलचा टायर केवढा पातळ, त्यात तो टोचा फिरवला की होत्याचं नव्हतं. सायकलसाठीच्या बारीक पट्ट्या वेगळ्या मिळतात, बरोबर छोटी सुई असते, दीड-दोन मिमी जाड. पंक्चरवाल्या काकांना हात लावू देऊ नका, हवा मात्र त्यांच्याकडनंच भरा, का ते खाली कोणीतरी सांगेलच.

चंद्रपूर_४७

सीलंट वाळण्याबद्दल. बाटलीवर दोन ते सहा महिने वगैरे लिहिलेलं असतं ते थंड देशाचं समजा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सायकल ठेवली तर महिना-दीड महिन्यात आत रबराच्या गोळ्या आणि सालपटं उरतात. लॅटेक्स सीलंटमधलं पाणी टायरमधून हळूहळू उडतं, उन्हाळ्यात भराभर. साताऱ्यात एवढं होणार नाही, तुमच्याकडं हवा बरी आहे, पण मार्च ते मे लक्ष ठेवा.

बघायचं कसं, तर चाक काढून कानाशी हलवायचं, आत डचमळ ऐकू आली तर ठीक. नुसता खुळखुळाट असेल तर त्या गोळ्या आहेत. दुसरं म्हणजे हवा सोडून पिन काढायची, वॉल तळाशी आणायचा आणि प्लॅस्टिकची झिप टाय आत घालून तेलाच्या काडीसारखी ओली होते का बघायची. कमी असेल तर टायर काढायची गरज नाही, मेडिकलमधनं ५० मिलीची सिरिंज आणा आणि त्याला बारीक नळी लावून वॉलमधूनच भरा. पाच मिनिटांचं काम आहे. मित्र म्हणाला ना रोजचं लचांड, रोजचं नाहीये, पण विसरणाऱ्या माणसाचं पण काम नाही. महिन्याच्या एक तारखेला मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा.

दोन गोष्टी अजून. दोन वेगळ्या कंपन्यांची सीलंट एकत्र करू नका, काही जोड्यांचा आत लगदा होतो. आणि सीओटूच्या नळकांड्यानं हवा भरत असाल तर आधी बाटलीवर वाचा, बऱ्याच लॅटेक्स सीलंटना ते सोसत नाही, गार गॅस थेट त्यावर गेला की जागच्या जागी गोठतं. वॉल वर ठेवून भरा, आणि घरी आल्यावर सोडून साधी हवा भरा.

यवतेश्वर_चढ

वा, एवढं मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. आठवड्यात तीन वेळा तरी चालवतो मी, त्यामुळे उभी राहायचा प्रश्न नाही.

आत्ता जाऊन रिम बघितली. स्टिकरवर ट्यूबलेस-रेडी लिहिलंय, आतून रुंदी २५ मिमी. पण आत रबरी पट्टी आहे साधी. टायरच्या कडेला मात्र तसं काहीच लिहिलेलं नाही, आणि कडेत तार आहे, घडी होत नाही. वॉल प्रेस्टा. आता यात काय काय बदलावं लागेल, आणि साध्या पंपानं बसतो का टायर?

कातळ_आणि_काटे

रिम रेडी आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. तिच्या आत कडेला एक उंचवटा असतो, त्यामागं बीड टक्कन जाऊन बसतो आणि कमी हवेतही सहसा सुटत नाही. साध्या रिमवर लोक जुगाड करतात, मीही बघितलेत बरेच, वळणावर टायर एका बाजूला ढकलला की फस्स करून हवा नि सीलंट बाहेर येतं, त्याला बर्प म्हणतात. डोंगर उतरताना ते नको.

टायर बदला. साध्या तारेच्या टायरचा बीड ट्यूबलेससाठी बनवलेला नसतो आणि कुशीतनं पण हवा पाझरते. (ट्यूबलेस-रेडीमध्ये तारेवाले पण येतात, तारेचं तेवढं वाईट नाही, लिहिलेलं बघून घ्या.)

आता बसवायचं. रबरी पट्टी काढून टाका, रिम आतून स्पिरिटनं चकचकीत पुसा, तेलाचं बोट सुद्धा लागू देऊ नका. ट्यूबलेस टेप आतल्या रुंदीपेक्षा तीन-चार मिमी रुंद घ्या, तुम्हाला २८-२९ ची. ताणून लावायची, वॉलच्या भोकाच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून भोकावर जोड येणार नाही असं. लाइटची काळी इन्सुलेशन टेप लावू नका प्लीज, स्वस्त पडते म्हणून लावतात आणि उन्हात तिचा गोंद सरकतो, मग स्पोकच्या भोकातनं हवा जाते आणि माणूस टायरला शिव्या घालत बसतो.

टेप लावल्यावर लगेच सीलंट नाही. आधी ट्यूब घालूनच टायर चढवा, हवा भरा आणि रात्रभर ठेवा. टेप दाबून पक्की बसते आणि टायरच्या दोन्ही कडा जागेवर जातात. सकाळी एकच कड सोडवा, ट्यूब काढा, ट्यूबलेस वॉल बसवा (नट हातानं आवळा, पक्कडीनं नको, नाहीतर रस्त्यात सुटणार नाही). आता बसलेली कड एक आहे, दुसरीच बसवायचीय, त्यामुळे काम निम्मं. दुसऱ्या कडेला साबणाचं पाणी लावा, वॉलची पिन काढा म्हणजे हवा एकदम आत जाते, आणि उभ्या पंपानं झपाझप मारा. ठक् ठक् असे आवाज आले की बसला. या पद्धतीनं साध्या पंपानं बऱ्याचदा बसतो.

नाहीच बसला तर पंक्चरच्या दुकानात कंप्रेसरच्या साध्या पाइपवर. प्रेस्टाला लावायची पितळी टोपी बरोबर न्या. पेट्रोल पंपावरच्या डिजिटल मशीनला रिकामा टायर कळतच नाही बरेचदा, हवा सोडतच नाही ती. आणि टायर व रिमवर जी जास्तीत जास्त हवा लिहिलीय त्याच्या वर जाऊ नका, कंप्रेसरवाल्याला तुमच्या सायकलचं काही देणंघेणं नसतं.

बसला की हवा सोडा, कड जागेवरच राहते, वॉलमधून १०० मिली सीलंट, पिन लावा, भरा, चाक सगळ्या दिशांनी फिरवा-हलवा आणि आडवं ठेवा, मग पालथं. पहिले दोन-चार दिवस थोडी हवा उतरेल, घाबरायचं नाही. लगेच एक राइड मारा, सीलंट सगळीकडं पसरतं.

बॉइसीकर

अमेरिकेतनं एक कॉमेंट. इकडं आयडाहोमध्ये बॉइसीला असतो. सोलापूरकरांचं वाचून हसू आलं कारण इथं पण अगदी तेच झाड आहे, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, आपला गोखरू, इकडं गोटहेड म्हणतात. इथलं मूळचं नाही, बाहेरनं आलं आणि सगळीकडं पसरलं. सायकलवाले एवढे वैतागले की २०१८ मध्ये इथं गोटहेड फेस्ट नावाचा सायकलचा उत्सव सुरू झाला आणि त्याच्या आधी लोकांनी पोती भरभरून हे झाड उपटलं. माण-खटावमध्ये कोणीतरी सुरू करा.

मुद्द्याचं, इकडं ट्रेलवर एमटीबी ट्यूबवर दिसणं दुर्मीळच. तरी एक सांगतो, स्पेअर म्हणून जाड ब्युटाइल ट्यूब वागवू नका, टीपीयूची (पातळ, प्लॅस्टिकसारखी) ट्यूब घ्या. मुठीत मावते, वजन निम्म्याहून कमी. महाग आहे आणि पॅच वेगळा लागतो, पण वापरायची वेळ कधीतरीच येते. त्याबरोबर जुन्या टायरचा आगपेटीएवढा तुकडा ठेवा, कूस फाटली तर आतून लावायला.

ट्यूबवालाच_बरा

आठवड्यात तीन राइड आणि रिम रेडी असेल तर बरं बाबा, कर. पण दोन्ही टायर एकदम घेऊन खिसा रिकामा करू नको. आधी मागचा कर. वजन मागं, आपटतो मागचा, पंक्चर पण मागंच जास्त.

कातळ_आणि_काटे

मी म्हणेन पुढचा आधी. ग्रिप पुढं लागते, हात भरून येतायत ते पुढच्या ४० पीएसआयमुळं.

यवतेश्वर_चढ

😂 परत तिथंच आलो. मागचाच करतो आधी, दसऱ्यानंतर सराटे वाळतात त्याच्या आत. पुढं ट्यूबच, पण हवा ३३ वर आणतो आणि त्यात ट्यूबवाल्या भाऊंचं सीलंट घालून बघतो. वॉल किती लांबीचा घेऊ?

कातळ_आणि_काटे

तुमची रिम उथळ असणार, ४०-४४ मिमीचा पुरे. पिन निघणारा आहे ना ते बघून घ्या, आणि एक पिन जादा घ्या, सीलंटनं कधीतरी चोंदतेच.